रिकामी फेरी

गेल्या हिवाळ्यातली गोष्ट. भारतातल्या एका विद्यापीठात पीएचडी करणाऱ्या मुलीचा चार ओळींचा मेल आला. तिला हबल दुर्बिणीच्या दोन फेऱ्या मिळाल्या होत्या. हबल पृथ्वीभोवती साधारण 95 मिनिटांत एक चक्कर पूर्ण करते, आणि या दुर्बिणीचा वेळ आमच्या संस्थेत तासांत नाही, फेऱ्यांत वाटतात. दोन फेऱ्या म्हणजे फार नव्हे. पण त्या दोन फेऱ्यांसाठी ती आणि तिचे गाइड वर्षभर खपले होते. आदल्या रात्री निरीक्षण झालं, सकाळी फाइल हातात पडली, तिनं ती उघडली आणि आत काहीच नव्हतं. दीर्घिका (गॅलक्सी) नाही, मागेपुढे विखुरलेले तारे नाहीत, आकाशाचा म्हणून जो एक करडा उजेड असतो तोही नाही. नुसता काळोख आणि त्यावर पांढरे बारीक ओरखडे. तिनं तक्रार केली नव्हती. शेवटच्या ओळीत एवढंच विचारलं होतं: मॅडम, ही फाइल ठेवू की काढून टाकू?

मी सहा मिनिटांत उत्तर पाठवलं. या प्रसंगासाठी माझ्याकडे तयार मजकूर असतो, त्यात नाव आणि क्रमांक बदलायचे. वाटाड्या तारा पकडता आला नाही, त्यामुळे कॅमेऱ्याचं शटर उघडलं नाही, अमुक फॉर्म तमुक मुदतीत भरा, निरीक्षण पुन्हा मिळण्याची शक्यता चांगली आहे, गैरसोयीबद्दल दिलगीर. सगळं बरोबर होतं. संध्याकाळी घरी सिंकमध्ये डबा घासताना लक्षात आलं, की तिनं एकच प्रश्न विचारला होता आणि नेमकं त्याचंच उत्तर मी दिलं नव्हतं.

डबा घासून झाला तरी नळ चालू होता.

झालं होतं ते अगदी साधं. हबलला आकाशात एका जागी नजर खिळवून ठेवायची तर बाजूचे दोन तारे, म्हणजे वाटाडे, धरून ठेवावे लागतात, जसा गर्दीच्या गाडीत उभा माणूस वरचा दांडा धरतो. हे तारे निवडायला 1980च्या दशकात एक मोठी यादी केली गेली. अमेरिकेतल्या पालोमारच्या आणि ऑस्ट्रेलियातल्या श्मिट दुर्बिणींनी काढलेल्या काचेच्या फोटोप्लेटा स्कॅन करून जवळपास 1.9 कोटी आकाशातल्या ज्योती नोंदवल्या. पुढे ताऱ्यांच्या जागा अचूक मोजणाऱ्या गाया उपग्रहामुळे ही यादी खूप सुधारली. तरी एखादा तारा फसवतो. एक म्हणून धरायला जावं तर तो एकमेकांना चिकटलेल्या दोघांचा निघतो, दुर्बिणीची पकड गोंधळते आणि सुटते. पकड सुटली की शटर बंद ठेवायचं हा नियम. भलतीकडे बघत राहण्यापेक्षा डोळे मिटलेले बरे. पण वेळापत्रक काही थांबत नाही. कॅमेरा ठरल्या वेळी ठरल्याइतकी सेकंदं चित्र घेतो, फाइल बनते, खाली येते, साठवली जाते. चूक कुणाचीच नाही. दोष द्यायचाच तर त्या ताऱ्याला द्यावा, आणि त्यानं तरी एकटं असल्याचं कुठे सांगितलं होतं!

मी हे काम बरीच वर्षं करते आहे. बाल्टिमोरमध्ये, जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या आवारात, झाडांनी भरलेल्या एका उतारावर आमची, स्पेस टेलिस्कोप सायन्स इन्स्टिट्यूटची, इमारत आहे. खाली स्टोनी रन नावाचा ओढा वाहतो आणि थंडीत कधीकधी हरणं पार्किंगपर्यंत येतात. आठवड्यातले चार दिवस लोकांचे, एक दिवस माझा. लोकांचे म्हणजे, ज्यांना दुर्बिणीचा वेळ मिळालाय त्यांचे. त्यांनी भरलेला निरीक्षणाचा आराखडा तपासायचा. प्रकाशाची गाळणी (फिल्टर) बरोबर निवडलीय का, जवळचा एखादा झगझगीत तारा कॅमेऱ्यात सांडणार नाही ना, आकाशातला पत्ता लिहिताना तासांच्या जागी अंश पडले नाहीत ना. (पडतात. मोठमोठ्यांचे पडतात.) मग प्रश्नांना उत्तरं द्यायची. आलेल्या प्रत्येक प्रश्नाला एक क्रमांक मिळतो आणि त्याला तिकीट म्हणतात. उरलेला एक दिवस मी दीर्घिकांचा अभ्यास करते. निदान शुक्रवारी तसं कॅलेंडरवर लिहिलेलं असतं.

इथल्या गणपतीत एकदा मोदकाच्या रांगेत मागच्या गृहस्थांनी विचारलं, तुम्ही नासात असता ना? नासात नाही, पण त्यांच्यासाठीच, असं म्हणत मी सगळं समजावून सांगितलं. त्यांनी मन लावून ऐकलं आणि म्हणाले, "म्हणजे कस्टमर केअर." मी हसले. मोदक मात्र त्या दिवशी गोड लागला नाही.

खरं तर मला राग यायचं कारण नव्हतं, कारण मी चौकशीच्या खिडकीतच वाढले. आप्पा एसटीत वाहतूक नियंत्रक होते, नारायणगावच्या स्टँडवर. शाळा सुटली की मी थेट त्यांच्या खोलीत जायची. आत डिझेलचा, ओल्या रेक्झिनचा आणि कालच्या चहाचा वास. टेबलावर एक काळा फोन, एक माइक, आणि लांबट जाड रजिस्टर. काचेला अर्धचंद्रासारखं भोक, त्यातून दिवसभर माणसांची तोंडं वाकून आत बघायची. जुन्नर कधी आहे? मंचरवरून जाईल का? आळेफाट्याला थांबेल ना? बाहेर हातभर अक्षरांत वेळापत्रक रंगवलेलं होतं, तरी लोक विचारायचे. मला त्यांचा राग यायचा. पाटीवर लिहिलंय की, असं मी एकदा एका म्हाताऱ्या बाईंना आतूनच म्हटलं. आप्पा काही बोलले नाहीत. त्यांनी पुढे वाकून त्या बाईंना सांगितलं, "लागेल पाच मिनिटांत, बसा." बाई जाऊन बसल्या. नंतर मी लक्ष देऊन ऐकू लागले, तर आप्पा प्रत्येकाला हेच दोन शब्द म्हणत. लागेल, बसा. पहिला शब्द पाटीवर होता. लोक दुसऱ्यासाठी यायचे.

माझ्या सहा मिनिटांच्या उत्तरात तो दुसरा शब्द नव्हता.

त्या रजिस्टरची एक गंमत सांगायची तर त्यात दोन शाया असत. फेरी रद्द झाली की लाल शाई आणि पुढे कारण: गाडी नादुरुस्त, चालक गैरहजर, मीना नदीला पूर. धावलेली फेरी निळ्या शाईत. रात्रीची एक मुक्कामी गाडी आडगावाला जायची, पावसाळ्यात तिच्यात कित्येकदा चालक आणि वाहक सोडून कुणी नसे. मी आप्पांना म्हटलं, रिकामी गेली ना, मग लाल करा. ते म्हणाले, "गेली ना? मग निळीच." मला ते पटलं नव्हतं. माणसं नसलेली गाडी आणि न गेलेली गाडी यांत फरक काय, असं मला बराच काळ वाटत राहिलं.

नारायणगाव म्हटलं की बाहेरच्या लोकांना तमाशा आठवतो, आणि ते खरंच आहे. पाडव्याच्या आधी फडांच्या राहुट्या लागायच्या आणि गावोगावच्या यात्रा कमिट्या सुपारी द्यायला यायच्या. फेटे, टोप्या, जीपगाड्या, हातात रोख रकमेच्या पिशव्या. चैत्रातल्या ठरावीक तिथ्यांना निम्म्या जिल्ह्याची जत्रा एकाच रात्री असते, आणि चांगले फड हाताच्या बोटांवर मोजण्याएवढे. म्हणजे अष्टमीची रात्र एक आणि मागणारी गावं ढीगभर. मॅनेजर वही उघडून बसलेला, प्रत्येक कमिटीला वाटतंय आपलीच जत्रा मोठी. मी बाल्टिमोरला आल्यावर वेळवाटपाच्या पहिल्याच बैठकीत कोपऱ्यात बसून टिपणं घेत होते, तेव्हा मला त्या राहुट्यांची फार आठवण आली. हबलनंतरच्या जेम्स वेब अंतराळ दुर्बिणीच्या चौथ्या वर्षासाठी जवळपास 2400 प्रस्ताव आले, मिळून सुमारे 78,000 तासांची मागणी. द्यायला होते त्याच्या नवव्या हिश्शाएवढे. बाकीच्या सगळ्या कमिट्या परत जाणार, आणि त्यांतल्या बहुतेकांच्या जत्रा खरोखरच्या असतात, खोट्या नव्हे. या एका बाबतीत आमची वही तरी थोडी सुधारली. 2018 पासून हबलच्या प्रस्तावांवरची नावं परीक्षकांना दाखवणं बंद झालं, आणि त्याच वर्षी पहिल्यांदा बायकांच्या प्रस्तावांना पुरुषांपेक्षा किंचित जास्त यश मिळालं. त्याआधीच्या वर्षांत कायम उलट होतं. नाव झाकल्यावर एवढा फरक पडत असेल, तर आधी लोक नेमकं काय वाचत होते, हा प्रश्न मी त्या बैठकांमध्ये मोठ्यानं विचारत नाही. इथे विचारते.

मी खगोलात शिरले त्याचंही कारण एसटीच. 1990च्या दशकात जवळच्या खोडदला जीएमआरटी नावाची प्रचंड दुर्बीण उभी राहत होती आणि आप्पांच्या ओळखीवर मला खोडदच्या गाडीत खिडकी मिळायची. द्राक्षांच्या बागांमधून, टोमॅटोच्या काठ्यांच्या रांगांमधून गाडी जायची आणि मध्येच एक 45 मीटर रुंदीची जाळीची परडी आकाशाकडे तोंड करून उभी दिसायची. अशा तीस. जाळीची तार इतकी बारीक, की संध्याकाळी तिच्यातून पलीकडचं आकाश दिसे. मला वाटायचं, आत चढून डोळा लावला की शनीची कडी दिसत असणार. एका विज्ञानदिनी तिथल्या माणसानं सांगितलं, या दुर्बिणीत डोळा लावायची सोयच नाही, ही रेडिओलहरी ऐकते. मी फार हिरमुसले. तरी एक गोष्ट डोक्यात राहिली. तो म्हणाला, वाऱ्याला अडवायचं नाही म्हणून भरीव पत्रा घातला नाही. लहरी मोठ्या, त्यांना भोकं दिसत नाहीत. एखाद्या गोष्टीला भोकं न दिसणं ही कल्पना मी घरी येईपर्यंत चघळत होते.

पुण्यात बीएस्सीला असताना, 1996च्या सुरुवातीला, पेपरात एक फोटो आला. आता मी आहे त्या इन्स्टिट्यूटचे तेव्हाचे संचालक रॉबर्ट विल्यम्स यांनी आपल्या अखत्यारीतला वेळ वापरून हबलला डिसेंबरचे दहा दिवस सप्तर्षीतल्या एका रिकाम्या ठिपक्याकडे बघायला लावलं होतं. 150 फेऱ्या, 342 चित्रं, सगळी एकावर एक. काही जाणत्यांनी आधीच नको म्हटलं होतं, हाती काही लागलं नाही तर नाचक्की होईल म्हणून. दुर्बिणीच्या आरशाची चूक लोकांच्या मनात ताजी होती, ती दुरुस्त होऊनही दोनच वर्षं झालेली. त्या रिकाम्या ठिपक्यात जवळपास 3000 दीर्घिका निघाल्या. पेपरातला फोटो काळा-पांढरा, छपाईची शाई पसरलेली. हॉस्टेलच्या खोलीत मी तो कापून कपाटाच्या आतल्या बाजूला चिकटवला आणि त्यातल्या कुठले ठिपके दीर्घिका आणि कुठले कागदाचे, ते काही केल्या सांगता येईना. आजही माझं निम्मं काम तेच आहे.

पुढे पुण्यातच आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेत पीएचडी. चार्ल्स कोरियांनी बांधलेलं ते आवार, काळा दगड, पृथ्वी फिरते हे दाखवणारा फुकोचा लंबक हलत असलेला, बाहेर कुंडात आर्यभट, गॅलिलिओ, न्यूटन, आइन्स्टाइन चौघांचे पुतळे आपापल्या विचारात. दुपारी शाळेच्या सहली यायच्या आणि मुलं सह्या मागायला नारळीकर सरांना घेरायची. सर सही देत नसत. पोस्टकार्डावर प्रश्न लिहून पाठवा, उत्तर देतो, त्यावर सही असेलच, असा त्यांचा शिरस्ता सगळ्यांना माहीत होता. तेव्हा आम्हा पोरांना ती एक गोड सवय वाटायची. आता वाटतं, तोही हेल्पडेस्कच, पोस्टाच्या तिकिटाचा. लहानपणी मीही एक कार्ड लिहायला घेतलं होतं, पण प्रश्न पुरेसा हुशार नाही असं वाटून ते पाठवलंच नाही. 2025च्या मे महिन्यात सर गेले, त्या दिवशी मला त्यांच्या सिद्धांतांच्या आधी ते न पाठवलेलं कार्ड आठवलं. भोकं दिसतात की नाही, असं काहीतरी त्यात होतं.

माझा विषय मंद दीर्घिका. फोटोत झळकणाऱ्या चक्राकार, भुजा पसरलेल्या दीर्घिका नव्हेत. असतात, पण आकाशाच्या स्वतःच्या उजेडापेक्षाही फिक्या असतात म्हणून दिसत नाहीत, त्या. यातली सगळ्यांत गाजलेली मॅलिन-1. कन्या राशीतल्या दीर्घिका-समूहाच्या प्लेटांवर शोधाशोध चालू असताना 1986 साली ती अचानक सापडली. डेव्हिड मॅलिन यांनी अंधुक गोष्टी वर काढायची जी छपाईची पद्धत बसवली होती, तिच्यामुळे. 120 कोटी प्रकाशवर्षांवर आहे आणि तिची थाळी सुमारे साडेसहा लाख प्रकाशवर्षं रुंद, आपल्या आकाशगंगेच्या कितीतरी पट. एवढं अवाढव्य धूड आणि समोर असून दिसत नाही! अशा दीर्घिका शोधायच्या तर दीर्घिकेकडे बघून भागत नाही. आधी रिकामं आकाश नीट मोजावं लागतं. सूर्याभोवतीच्या धुळीचा उजेड किती, कॅमेऱ्याच्या प्रत्येक कोपऱ्याची जात काय, कुठला डाग लेन्सचा आणि कुठला आकाशाचा. रिकामेपणा तंतोतंत वजा केला की मग जे उरतं, ते असलंच तर दीर्घिका. मी आयुष्याची पंचवीस वर्षं कोऱ्या चित्रांकडे बघण्यात घालवली, आणि एका मुलीनं कोऱ्या चित्राबद्दल विचारलं तर मी तिला फॉर्म पाठवला.

सुरुवातीची वर्षं भारी होती. 2009च्या मे महिन्यात अटलांटिस यानातून हबलची शेवटची दुरुस्ती झाली, तेव्हा आम्ही सगळे हॉलमध्ये पडद्यासमोर. एका उपकरणाच्या दारावरचा हातदांडा निघेना. त्या दाराला 111 स्क्रू होते, ते काढायला खास हत्यारं बनवलेली, वर्षानुवर्षं तालीम केलेली, आणि अडलं ते हातदांड्याच्या एका झिजलेल्या बोल्टवर. शेवटी अंतराळवीर मॅसिमिनोंनी दांडा धरून, ओढून, सरळ उपटला. आमच्या हॉलमध्ये श्वास रोखलेला आणि मला आठवला आमच्या डेपोतला मेकॅनिक, जो प्रत्येक गोष्टीवर आधी पाना आणि मग शिवी वापरायचा. मग 25 डिसेंबर 2021ला वेब निघाली. इथे सकाळचे सात वाजून वीस मिनिटं, तिकडे संध्याकाळचे सहाला दहा कमी. रॉकेटपासून सुटून दुर्बीण दूर जाताना शेवटची दिसली, निळ्या पृथ्वीच्या कडेवर, आणि तिचं सौर पंख उघडलं. मी रडत होते. आप्पा फोनवर होते. इतकी वर्षं ही लांबते, ती लांबते, एवढंच ते माझ्याकडून ऐकत आले होते. त्यांनी विचारलं, "आज तरी वेळेवर सुटली का?"

वेबनंतर तिकिटं वाढली, आणि त्यांतली निम्मी भुतांची. नव्या कॅमेऱ्यात नवी भुतं, म्हणजे आकाशात नसलेलं काहीतरी चित्रात दिसणं. दुर्बिणीच्या दांड्यावरून आलेल्या तिरक्या उजेडाचे फराटे, वैश्विक किरण जोरात आपटला की उठणारे हिमगोळे, भलत्याच ताऱ्यांमुळे उमटणाऱ्या नख्या, आणि एकाला तर चक्क ड्रॅगनचा श्वास म्हणतात. ही नावं कुणी चेष्टेत दिली असतील, पण आता ती अधिकृत कागदांत आहेत. लोक लिहितात, आम्हाला एक विचित्र कमान दिसली आहे, कृपया गुप्त ठेवा. मी चित्र उघडते आणि पोटात खड्डा पडतो, कारण मला ते भूत ओळखीचं असतं. एका वयस्क प्राध्यापकांना असं एक कडं सापडलं होतं. पाच पानी मेल, त्याला कोष्टकं जोडलेली. ते कडं आमच्या आरशावरून परतलेल्या प्रकाशाचं होतं. त्यांना कसं सांगायचं याचा मी अख्खा दिवस विचार केला आणि शेवटी दोन ओळी लिहिल्या. त्यांचं उत्तर आलं, धन्यवाद, बायकोला आधीच शंका होती.

आणि हेवा. तोही लिहायला हवा, नाहीतर हा लेख खोटा होईल. एकदा माझ्यापुढे तपासायला एक आराखडा आला आणि पहिल्या पानावर मला माझीच कल्पना दिसली. चोरलेली नव्हे. जगात दुसऱ्या कुणाला तरी तीच सुचली होती, फक्त त्या माणसानं ती लिहून पाठवली होती, आणि माझी वर्षभर शुक्रवारांची वाट बघत पडली होती. मी तो आराखडा तपासला, सगळं ठीक होतं, एका ठिकाणी तर मी त्यांच्या दोन फेऱ्या वाचतील अशी सुधारणा सुचवू शकत होते. ते तिकीट मी त्या दिवशी तसंच ठेवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी सुधारणा लिहून पाठवली. मध्ये एक रात्र गेली, तिनं कुणाचं काही बिघडलं नाही, पण ती रात्र मला पाठ आहे. पुढे त्यांचा पेपर आला, शेवटी आभारांत माझं नाव होतं, आडनावात एक अक्षर चुकलेलं. मी ते पान छापून ठेवलं आहे. कशासाठी, ते नक्की सांगता येत नाही.

आप्पा-आई एकदाच इथे आले, सहा आठवडे. आईला थंडी झेपली नाही, आप्पांना जेवणानंतर करायला काही नाही हे झेपलं नाही. जेवणाच्या टेबलावर हबलचं एका आठवड्याचं वेळापत्रक पडलं होतं, ते त्यांनी चष्मा लावून उचललं. इंग्रजी त्यांना बेताचं, पण रकाने वाचायला भाषा लागत नाही. ही सुटायची वेळ? ही पोचायची? मी सांगितलं की एका ताऱ्याकडून दुसरीकडे वळायला दुर्बिणीला वेळ लागतो, घड्याळाच्या मिनिटकाट्याच्या वेगानं ती वळते. प्रत्येक फेरीत जवळपास अर्धा वेळ मध्ये पृथ्वी येते. आणि दक्षिण अटलांटिकवर किरणोत्साराचा एक पट्टा खाली झुकलेला आहे, तिथून जाताना निरीक्षण बंद ठेवावं लागतं. "घाट म्हण की," आप्पा म्हणाले. मग बराच वेळ बोट ठेवून ओळी मोजत राहिले आणि विचारलं, "याच्यात बसून कुठं जाऊन आलीस का कधी?" मला कळलं नाही ते चेष्टा करताहेत का. त्यांनी स्वतः चौतीस वर्षं गाड्या सोडल्या आणि पंढरपूर, आळंदी, मुंबई सोडून कुठे गेले नाहीत. मी म्हटलं, दोनदा. दोन वेळा माझ्या स्वतःच्या प्रस्तावाला वेळ मिळाला होता. ते म्हणाले, "मग पुष्कळ झालं."

तर, ती मुलगी. चार दिवस तो मेल डोक्यात घेऊन फिरल्यावर रविवारी दुपारी मी तिला पुन्हा लिहिलं, या वेळी तयार मजकूर न वापरता. फाइल ठेव म्हटलं. ते पांढरे ओरखडे म्हणजे वैश्विक किरण. तुझ्या कॅमेऱ्यातून त्या मिनिटांत आरपार गेलेले कण. शटर बंद होतं म्हणून त्यांच्याशिवाय आणि कॅमेऱ्याच्या स्वतःच्या ठिपक्यांशिवाय दुसरं काही आत नाही, असं शुद्ध चित्र मुद्दाम काढावं लागतं, तुला फुकट मिळालंय. पुढचं चित्र येईल तेव्हा दोन्ही शेजारी ठेव, म्हणजे कुठला ठिपका आकाशाचा आणि कुठला कॅमेऱ्याचा याला डोळा सरावेल. आणि पुन्हा निरीक्षण मिळेल, काळजी करू नकोस, असंही लिहिलं. ती ओळ लिहिताना मी थांबले, कारण तसं वचन द्यायचा मला अधिकार नाही. ते दुसरी समिती ठरवते. मग "बहुतेक" हा शब्द घातला. मग काढला. मग पुन्हा घातला.

तिचं उत्तर रात्रीच आलं. मॅडम, ती फाइल मी परवाच डिलीट केली. पण आर्काइव्हमध्ये असेल ना?

असणारच. आमच्याकडे काही टाकत नाहीत. बाजूला मात्र शेरा असतो, तो इंग्रजीत आणि एका शब्दाचा: फेल. मी ती फाइल स्वतः उतरवून घेतली. रात्रीचे साडेदहा झाले होते, घरातले झोपलेले. काळोखातला उजेड-अंधाराचा फरक ताणत नेला तसे ओरखडे वर आले, शेकडो, काही ठिपक्यांसारखे सरळ आपटलेले, काही आडवे लांब, एक तर चौकटीच्या एका कडेपासून निम्म्यात येऊन थांबलेला. कुठून आले असतील याचा पत्ता नाही. तेवढ्यात आप्पांचा व्हिडिओ कॉल आला, तिकडे सकाळचा चहा झालेला. फोन लॅपटॉपला टेकवून ठेवला होता, त्यामुळे त्यांना माझ्याआधी पडदाच दिसला.

"हे काय, पाऊस का?"

मी सांगितलं. तारा दुहेरी निघाला, शटर उघडलं नाही, दोन फेऱ्या गेल्या, पोरगी बिचारी नाराज. त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "सुटली कधी?" मी फाइलचा मथळा उघडून बघितला. 03:42, आणि पुढे सेकंद.

"ठरलेली किती?"

"तीच."

"आत कोण?"

"कुणी नाही आप्पा. रिकामी."

त्यांनी कप खाली ठेवल्याचा आवाज आला. "आणि तुमच्यात काय लिहिलंय?"

मी शेरा वाचून दाखवला, मराठीत करून. नापास.

"लाल शाईनं?"

पडद्यावर तो शब्द खरोखरच लाल होता. मी हो म्हटलं. आप्पा जरा वेळ गप्प राहिले, मग आतल्या बाजूला वळून आईला म्हणाले, "बघ, गाडी गेली-आली आणि ही लोकं लाल करून बसलीत."